अरक्सीबाईंच्या घरावरचा बोजा

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. माझ्या अंगावर चार घड्या आहेत, एका कोपऱ्यावर मशीनच्या तेलाचा डाग आहे आणि डोक्यावर नोंदणी कचेरीचा शिक्का आहे. माझं आयुष्य नव्वद दिवसांचं ठरलेलं होतं. मी पाच वर्षं राहिलो, आणि राहिलो ते एका घराच्या छातीवर बसून. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही.

फ्रेझ्नो शहराच्या पूर्वेला, जिथे मनुक्यांच्या बागा घरांच्या कुंपणापर्यंत येऊन थांबतात, तिथे लॉयड हॅस्किन्स नावाचा बांधकाम कंत्राटदार राहायचा. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा जन्म झाला. त्याची बायको डार्लीन टाइप करत होती आणि तो तिच्या खुर्चीमागे येरझारा घालत सांगत होता.

"लिही. मालक, नुबार तोपालियन. न्हाणीघराचं काम पूर्ण. शेवटचा हप्ता थकीत."

"पूर्ण झालंय का पण?" डार्लीनने विचारलं.

"तू लिही गं."

तिने लिहिलं. लॉयडने इतक्या जोरात सही केली की पेनाची खूण माझ्या पाठीवर उमटली. ती अजून आहे.

भांडण न्हाणीघरावरून झालं होतं. नुबार मनुक्यांच्या कारखान्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेला, शब्दाला पक्का आणि डोक्याने तापट. त्याची बायको अरक्सी हिचे गुडघे गेले होते. टबाची भिंत ओलांडून आत जाणं तिला जमेना, म्हणून नुबारने टब काढून सपाट फरशी आणि भिंतीला धरायच्या दांड्या करून घेतल्या. लॉयडने मन लावून काम केलं. फक्त एका कोपऱ्यात पाणी साचायचं. नुबारने तिथे पेलाभर पाणी ओतलं आणि लॉयडला त्याच्याच दोन माणसांसमोर उभं केलं.

"बघ. जातंय का कुठे? माझ्या बायकोने इथे घसरून पडायचं आणि मी तुला पैसे मोजायचे? हे काम नाही लॉयड, ही चोरी आहे."

त्या एका शब्दापायी माझा जन्म झाला. नाहीतर उतार दोन दिवसांत नीट झाला असता.

आमच्याकडे कामाचे पैसे अडले की कंत्राटदाराला मालकाच्या घरावर बोजा चढवता येतो. तो चढला की घर सुखासुखी विकता येत नाही. मात्र बोजा चढवल्यावर नव्वद दिवसांत त्याने न्यायालयात दावा लावायचा. नाही लावला तर बोजा निकामी. निकामी होतो, पण नोंदीतून उतरत नाही. तो कुणीतरी जाऊन उतरवावा लागतो.

माझी एक प्रत नोंदणी कचेरीत राहिली आणि मी टपालाने नुबारच्या दारात आलो. पोचपावतीवर सही करून त्याने मला अंगणात उभ्या उभ्याच वाचलं. त्याचे कान लाल झाले. मग तो मागच्या शेडमध्ये गेला आणि त्याने मला छाटणीच्या कात्र्यांच्या खोक्याखाली, खणात ठेवलं. दार उघडंच होतं, म्हणून संध्याकाळचं बोलणं मला ऐकू आलं.

"त्या लॉयडचं काय झालं रे?" अरक्सीबाईंनी विचारलं.

"मिटलं," नुबार म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात त्याने छिन्नी घेऊन तो कोपरा स्वतःच फोडला आणि नवी फरशी बसवली. रंग जुळला नाही. पाणी मात्र जाऊ लागलं.

मी दिवस मोजत होतो. सुरुवातीला मला फार महत्त्व आल्यासारखं वाटायचं. आता लॉयड येईल, आता न्यायालयात माझं वाचन होईल, कोण खरं कोण खोटं ते ठरेल. नव्वद दिवस गेले. कुणी आलं नाही. एक्याण्णवाव्या दिवशी मी कायद्याच्या दृष्टीने मेलो, आणि ही गोष्ट मला सोडून कुणाच्याच ध्यानात आली नाही.

पुढच्या वर्षी नुबारला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. "हा" एवढा एकच शब्द उरला. आर्मेनियन लोक होकारासाठी तो वापरतात, पण नुबार सगळ्यालाच "हा" म्हणायचा. भूक लागली का, हा. पोट भरलं का, हा. शेडमध्ये आता कुणी फिरकत नव्हतं. कात्र्यांना गंज चढला. माझ्या घड्या पिवळ्या पडल्या.

पाचव्या वर्षीच्या वसंतात अरक्सीबाईंनी घर विकायला काढलं. त्यांची मुलगी सीरान दक्षिणेला ग्लेनडेलमध्ये राहायची. तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक आर्मेनियन वृद्धाश्रम होता. तिथल्या नर्सा नुबारच्या भाषेत बोलायच्या आणि तळमजल्यावरची एक खोली जूनपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवली होती. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. दोन लहान मुलींचं एक कुटुंब होतं. त्या मुली पहिल्याच भेटीत अंजिराच्या झाडावर चढल्या, तेव्हा अरक्सीबाईंनी किंमत उतरवायलाही लगेच मान डोलावली.

मग घराचे कागद तपासणाऱ्या कंपनीचा फोन आला.

"बोजा?" अरक्सीबाई म्हणाल्या. "गहाण फेडून वीस वर्षं झाली. तुम्ही दुसऱ्या कुणाचं घर बघताय."

फोनवरच्या माणसाने लॉयडचं नाव सांगितलं. अरक्सीबाईंनी फोन ठेवला आणि त्या थेट शेडमध्ये आल्या. तीन खण उपसल्यावर मी सापडलो. त्यांनी मला वाचलं आणि घरात नेऊन नुबारच्या चाकाच्या खुर्चीसमोर धरलं.

"हे काय आहे? तू म्हणालास मिटलं. पैसे दिले होतेस का नव्हतेस?"

"हा," नुबार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

"दिले होतेस?"

"हा."

"का दिले नव्हतेस?"

"हा."

त्या त्याच्यासमोर बसून राहिल्या. घर अडलं होतं, पण तेव्हा त्यांच्या मनात घर नव्हतं. सदतीस वर्षं कारखान्यात ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही, त्या माणसाने एका कामगाराचे पैसे बुडवले आणि आपल्याशी खोटं बोलला, हे त्यांना गिळता येईना. नुबारला ते सांगता येत नव्हतं आणि मला तर तोंडच नव्हतं. मला सगळं माहीत होतं. कोपरा, पाणी, चोरी हा शब्द. पण माझ्यावर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्यावर फक्त "काम पूर्ण" असं होतं.

न्यायालयात लोकांना अर्ज भरायला मदत करणारी एक खिडकी होती. तिथली बाई, योलांदा, तोंडाने फटकळ पण कामाला चोख. तिने मला उलटून पालटून पाहिलं.

"आजी, हा तर मेलेला कागद आहे."

"मेलेला आहे तर माझं घर का धरून बसलाय?"

"कुणी पुरला नाही म्हणून. हे बघा, सोपं सांगते. आधी या माणसाला टपालाने पत्र पाठवायचं, तुझा बोजा काढून घे म्हणून. दहा दिवस थांबायचं. त्याने सही करून दिली तर त्याच दिवशी सुटलात. नाही दिली तर माझ्याकडे या, अर्ज करू, सुनावणी लागेल."

"किती दिवस?"

"गर्दीवर आहे. महिना, दीड महिना."

अरक्सीबाईंनी जूनपर्यंतचे आठवडे बोटांवर मोजले आणि पत्र पाठवलं. पण त्यांना दहा दिवस थांबवेना. सीरान फोनवर ओरडली, "आई, त्या माणसाच्या दारात जाऊ नकोस. कायदा तुझ्या बाजूने आहे ना, मग संपलं."

"कायद्याला नाही विचारायचंय मला," त्या म्हणाल्या.

मला पर्समध्ये घालून त्या स्वतः गाडी हाकत डोंगराच्या पायथ्याशी गेल्या. लॉयड आता एका पत्र्याच्या फिरत्या घरात राहत होता. डार्लीन सोडून गेली होती, खांदा निकामी झाला होता. अरक्सीबाईंचं पत्र टेबलावर उघडून ठेवलेलं होतं. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "सही करणार नाही."

"दावा का नाही लावलात तेव्हा?"

"परवाना गेला होता माझा. नूतनीकरणाची तारीख चुकली. परवाना नसलेल्याचं न्यायालय ऐकत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, की याला काही अर्थ नाही."

"होतं. पण असू दे म्हटलं तिथेच. तुमच्या नवऱ्याने माझ्या माणसांसमोर मला चोर म्हटलं, बाई. दोघांपैकी एक माझा सख्खा भाऊ होता. नुबारला येऊन सांगू दे की चुकलं. लगेच सही करतो."

"तो बोलू शकत नाही."

लॉयडने टेबलावरचं पत्र जवळ ओढलं. मला वाटलं, आता हा पेन उचलेल. त्याने उचललं नाही. "मग राहिलं," तो म्हणाला.

"एवढं तरी सांगा," दारात थांबून अरक्सीबाईंनी विचारलं, "त्याने तुम्हाला चोर म्हटलं, ते खरं होतं का?"

लॉयडने दार लावून घेतलं. परतताना त्यांनी दोनदा गाडी बाजूला घेतली.

दहा दिवस संपताच योलांदाने अर्ज भरून घेतला. सुनावणीची तारीख मिळाली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. गिऱ्हाईकाने पंधरा दिवस थांबून पाहिलं. मग त्या मुलींच्या आईचा फोन आला. बँकेने व्याजाचा जो दर दिला होता त्याची मुदत संपत होती, आणि ती पुन्हा पुन्हा माफी मागत होती. "तुझी काय चूक, पोरी," असं अरक्सीबाई चार वेळा म्हणाल्या. तळमजल्यावरची खोली दुसऱ्या कुणाला गेली. फ्रेझ्नोचा उन्हाळा सुरू झाला. त्या ओला टॉवेल पिळून नुबारच्या मानेवर ठेवायच्या, आणि तो त्यांचा हात डाव्या हाताने धरून ठेवायचा.

सुनावणीला लॉयड आला. धुतलेला शर्ट घालून मागच्या बाकावर बसला. न्यायाधीश बाईंनी मला वाचलं, तारखा पाहिल्या आणि त्याला विचारलं, "तुम्ही मुदतीत दावा लावला होता?"

"नाही. पण काम मी केलं होतं. ते खोटं नाही."

"केलं असेल. ते ठरवायला नव्वद दिवस होते. ते गेले." मग त्या अरक्सीबाईंकडे वळल्या. "बोजा उतरवायचा हुकूम देते. या सगळ्याचा खर्च यांच्याकडून मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागायचाय?"

अरक्सीबाईंनी मागे वळून लॉयडकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती.

"नाही," त्या म्हणाल्या.

एवढ्यासाठी मी पाच वर्षं थांबलो होतो आणि सगळं सहा मिनिटांत संपलं.

बाहेर व्हरांड्यात लॉयड त्यांच्यामागे आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी साचत होतं. मला दिसत होतं. त्या दिवशी माणसांची मजुरी द्यायची होती, घाई होती. उद्या येऊन करीन म्हणणार होतो, तेवढ्यात तो बोलला."

अरक्सीबाईंचा हात पर्सवर, माझ्यावर होता. "हे तेव्हा त्याला सांगायचंत," त्या म्हणाल्या. "आता मी त्याला सांगेन. पण त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं असेल."

लॉयड घरी आला नाही. त्याने खरंच यायला हवं होतं. त्या रात्रीच्या जेवणाला अरक्सीबाईंनी नुबारच्या ताटात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेला सारमा वाढला, खुर्ची जवळ ओढली आणि त्याला सगळं सांगितलं. "मी तुझ्यावर संशय घेतला," त्या म्हणाल्या. "आणि तू माझ्यापासून लपवलंस. दोघांचंही चुकलं." तो काय म्हणाला, किंवा काय म्हणायचं होतं, ते त्या दोघांपुरतंच राहिलं.

घर ऑक्टोबरमध्ये विकलं गेलं, कमी किमतीला. वृद्धाश्रमात खोली मिळाली ती वरच्या मजल्यावर, बागेपासून लांब. आता मी ग्लेनडेलला एका फाइलमध्ये, न्यायालयाच्या हुकमाच्या खाली असतो.

तुम्हाला वाटेल, मी पुसला गेलो. तसं होत नाही. हुकूम नोंदवायला गेल्या तेव्हा अरक्सीबाईंनीही तेच विचारलं होतं. "आता ती जुनी नोंद खोडाल ना?" कारकून म्हणाला, "आम्ही खोडत नाही काही. खाली नवी नोंद घालतो, बोजा उतरला म्हणून." त्यामुळे यापुढे कुणीही त्या घराचे कागद उघडेल तर आधी मी दिसेन, नुबारच्या नावासकट. मग खालची नोंद.

मित्रांनो, रागाच्या भरात कागद लिहिणं सोपं असतं. लिहिलात तर त्याची तारीख लक्षात ठेवा, आणि राग उतरला की स्वतः जाऊन तो परत घ्या. तुमच्या दारात असा कागद आला तर खणात लपवू नका, घरच्यांना दाखवा. तुम्हाला बोलता येतंय तोवर दाखवा. आम्हा कागदांना आपण होऊन कुणाच्या छातीवरून उठता येत नाही.