आधी ताईंना

बाटली वॉर्डात गेली आणि मग लेबलची प्रत चिकटवायला मी वही उघडली. फिटचं औषध, पेशंट सहा वर्षांची मुलगी. डॉक्टरांनी लिहिलं होतं अर्धा मिली. लेबलवर होतं पाच मिली. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाचच. अक्षर ताईंचं.

ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे. हॉस्पिटलच्या औषध विभागात त्या माझ्या वरिष्ठ, आणि आमच्या संघात मला बोट धरून आणलं तेही त्यांनीच. संघ म्हणजे आम्ही चौदा जण: शिंपी, मास्तर, लिफ्टवाला, दोन नर्सा, सगळे घरसंसारवाले. ना झगा, ना मठ. आपापल्या कामाच्या जागीच येशूच्या मागून चालायचं, असं वचन चर्चमध्ये दिलेलं. नवरा मला अर्धवट नन म्हणतो. त्याचं काय, चहात साखर कमी पडली की त्याची श्रद्धा डळमळते.

संघाचा एक नियम मला फार प्रिय. भावंडाची चूक दिसली तर आधी त्यालाच एकट्याला गाठून सांगायचं. चारचौघांत नाही, पाठीमागे तर मुळीच नाही. मी नवीन असताना दोन बाटल्यांची लेबलं उलटसुलट लावली होती. ताईंनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, स्वतः बाटल्या बदलल्या, आणि बाहेर अवाक्षर काढलं नाही. मी त्यांच्यावर जीव टाकते तो तेव्हापासून.

तर, अकरा वाजून दहा मिनिटं. फोन माझ्या कोपराजवळ होता. मी तो उचलला नाही. मी ताईंना शोधायला निघाले.

ताई हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये, छोट्या प्रार्थनाघरात, होत्या. संघातले आम्ही आळीपाळीने अकराला चहा सोडून तिथे मौनात बसतो. मौनात कुणी कुणाला हाक मारत नाही. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. आता उठतील, आता उठतील, करत मी उभी राहिले. दार ढकलावं म्हणून हात उचलला आणि खाली घेतला. प्रभू, त्यांना उठव, अशी प्रार्थनासुद्धा केली. त्या प्रार्थनेची मला आज लाज वाटते. सफाईवाल्या मावशी बादली घेऊन जाता जाता थांबल्या.

"काय गं, इथे का उभी?"

"काही नाही, मावशी."

ताई बाहेर आल्या तेव्हा अकरा सतरा झाले होते. मी वही पुढे केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वॉर्डात कळवलंस?"

"नाही. आधी तुम्हाला..."

"अगं, मी कोण लागून गेले! फोन कर!"

त्या पळत सुटल्या. एक चप्पल तिथेच राहिली. मी भिंतीवरचा फोन उचलला. नर्स म्हणाली, "आत्ताच पाजलं की. दोन मिनिटं झाली असतील. अर्धं थुंकली, फार हट्टी आहे." मग माझं बोलणं ऐकून तिने फोन टाकलाच.

मी वॉर्डात पोचले तेव्हा मुलीला ऑक्सिजनचा मास्क लावला होता. श्वास मंदावला होता. इतका मंद, की एकदा छाती खाली गेली की ती पुन्हा वर येईपर्यंत माझाही श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, दोनपर्यंत काही सांगता येत नाही. ताईंनी त्यांना सरळ सांगितलं, "चूक माझी. हिच्या लक्षात आली, हिने लगेच फोन केला." लगेच, म्हणाल्या. मी तोंड उघडलं नाही. मग जबाब लिहून द्यायला त्यांना वरच्या मजल्यावर, हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडे नेलं.

बाहेरच्या बाकावर मुलीचा बाप येऊन बसला. वेल्डर होता, तसाच कामावरून आलेला, बाहीवर ठिणग्यांची भोकं. त्याने हात जोडले.

"तुम्ही पाहिलंत म्हणून, मॅडम. नाहीतर कुणाला कळलं असतं?"

सकाळपासूनची सगळी भीती एकीकडे आणि ही एकीकडे. काय काय सुचलं मला! पोर शुद्धीवर आली की सांगू, खुशीत माणूस माफ करतो. नाहीतर पापनिवेदनात फादरना सांगू, ते पोटात ठेवतील. नाहीतर आधी ताईंना विचारू. तिथे मात्र मला माझीच किळस आली.

"मला अकरा दहाला कळलं होतं," मी म्हटलं. "फोन केला अकरा सतराला."

त्याला पटकन समजलं नाही. "मधे काय झालं?"

"ताई प्रार्थनेला बसल्या होत्या. मी दाराबाहेर वाट बघत होते."

"आणि हिला पाजलं कधी?"

"सव्वाअकराला."

त्याचे ओठ हलले. हिशोब काही अवघड नव्हता.

"वाट कशाची बघत होतात?"

नियम, मौन, एकट्याला गाठून सांगणं, असं लांबलचक उत्तर माझ्याजवळ होतं. ते खोटंही नव्हतं. "ताईंना वाईट वाटेल म्हणून भ्याले," मी म्हटलं.

"माझी पोर नाही आठवली?"

"आठवली. पण ताईंच्या नंतर."

पुढचा पाऊण तास आम्ही एकाच बाकावर होतो, आणि त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

मग नर्सने दार उघडलं. "पाणी मागतेय. बाबा कुठायत?"

तो ताडकन उठला. मीही उठले. त्याने मागे न बघता हात आडवा केला.

"तुम्ही नको."

आतून बारीक आवाज आला, किरकिरा, हट्टी, जिवंत. मी भिंतीला धरून रडले. मग डोळे पुसून वरच्या मजल्यावर गेले. ताई अजून लिहीत होत्या. त्यांनी मान वर करून मला नको नको अशी खूण केली. मी साहेबांकडे दुसरा कागद मागितला.