मशीनच्या पायाखालची विम्याची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची फाईल आहे. मूळचा रंग हिरवा. आताचा कोणता, ते तुम्हीच ठरवा. माझ्या पाठीवर मधोमध एक गोल खळगा आहे. हसू नका. त्या खळग्याचीच कथा सांगायला मी आज इतकी उतावीळ झाले आहे.

कारखान्यात आम्ही शंभर बहिणी एकाच दिवशी कापल्या गेलो. कडांना भोकं पडली, नाड्या ओवल्या गेल्या. मला विकत घेतलं कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी. त्यांची मुलगी त्यांना आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणते. आधी माझ्यात गिऱ्हाइकांची मापं असत. मग घरात एक कुत्री आली आणि तिचे कागद माझ्या पोटात आले. तिचं नाव लुडबुड. आईनं कापड बेतायला पसरलं, की ही बरोब्बर त्यावर येऊन आडवी. उठवली तरी उठायची नाही.

लुडबुडच्या मागच्या पायावर गाठ आली आणि ती कॅन्सरची निघाली. घर हादरलं. पण देव बुद्धी देतो म्हणतात ना, आईनं आधीच तिचा विमा उतरवला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली. प्रत्येक बिल माझ्यात बसलं आणि शंभरातले ऐंशी रुपये कंपनीकडून परत आले. काय थाट होता तेव्हा माझा! दवाखान्यात निघताना आधी मी, मग पट्टा, मग लुडबुड.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ पूर्ण गेली. मात्र दर तीन महिन्यांनी तपासणी, रक्त, छातीचा फोटो. दोन वर्षं तरी."

पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. दुसरं राहिलं फक्त माझ्या पोटातल्या कागदावर.

घरी मुलीचे मामा आईला म्हणाले, "ताई, पाऊस थांबला की छत्री मिटायची. आता हप्ता कशाला भरत बसतेस?" आईला ते पटलं. त्याच आठवड्यात शिलाई मशीन डुगडुगायला लागलं आणि मामांनी मला त्याच्या पायाखाली सारलं. गरज सरो, वैद्य मरो! दिवसभर डोक्यावर खडखड खडखड. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत पडून राहिले.

एका दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "उद्या लुडबुडची तपासणी आहे. विम्याचा नंबर सांगा."

"तो आम्ही बंद केला हो," आई म्हणाली.

"अहो, असं कसं केलंत? पुन्हा नवा घेतलात तर हा आजार त्यात धरणार नाहीत. मग प्रत्येक तपासणी तुमच्या खिशातून. आणि दुखणं उलटलं, तर तेही."

आईचा पाय मशीनवर थांबला. मुलीनं मला खसकन ओढलं; मशीन कलंडलं आणि एका सदऱ्याची बाही वाकडी झाली. ती बोट ठेवून वाचू लागली. "आई, हप्त्याची तारीख उलटली तरी तीस दिवस सवलत असते. आजचा तिसावा आहे."

घड्याळात सव्वाचार. विम्याची कचेरी पाचला बंद.

मित्रांनो, काय ती धावपळ! आईच्या गळ्यात मापाची टेप तशीच, मामा धापा टाकत मागे, मी मुलीच्या काखेत आणि लुडबुड सगळ्यांच्या पायात. पोचलो तेव्हा कचेरीतल्या बाई किल्ली घेऊन उठल्याच होत्या.

"आज लवकर आवरलंय. उद्या या."

"उद्या फार उशीर होईल हो," आई म्हणाली.

बाई दार लावायला गेल्या, तर लुडबुड उंबऱ्यावर आडवी. दार लागेना, कुत्री उठेना. बाईंनी हाक मारली, चुचकारलं. मग त्यांची नजर तिच्या मागच्या पायावरच्या लांब व्रणावर गेली.

"हिचाच विमा का?"

"हिचाच."

बाई परत फिरल्या, दिवा लावला आणि मला उघडलं. "हा खळगा कसला?"

"मशीनच्या पायाचा," आई पुटपुटली.

"म्हणजे विमा असा वापरलात. शिवण तरी सरळ आली का?"

"आजचीच वाकडी आली."

पाचला चार मिनिटं असताना पावती निघाली. ती कोमट पावती माझ्या पोटात शिरली, तेव्हा माझ्या नाड्या हवेत नाचल्या असत्या, पण मुलीनं त्या आधीच करकचून बांधल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रक्त स्वच्छ, फोटो स्वच्छ. बिलातला थोडा भाग आईनं भरला, बाकीचा कंपनीनं. मामांनी मशीनखाली लाकडाची पाचर ठोकली आणि मला पुसून कपाटात, हाताला लागेन अशा जागी ठेवलं. "ताई," ते म्हणाले, "छत्री मिटावी, पण फेकू नये. माझं चुकलंच."

तर मित्रांनो, देव जीव देतो आणि तो जपायचं काम आपल्याकडे सोपवतो. मुका जीव बरा झाला म्हणून जरूर नाचा. पण नाचून झालं, की पुढच्या तपासणीची तारीख बघा आणि माझ्यासारखीला पायाखाली नको, हाताशी ठेवा. खळग्याचं मला दुःख नाही. लुडबुड रोज येऊन तो हुंगते, आणि मग कपाटाच्या दारातच आडवी होते.