बाजूने सोळा

बाईंनी डाव्या हाताने उजव्या हाताचे कोपर खालून उचलून धरले आणि हात आणखी थोडा वर नेला. पाऊण तास तो हात तसाच होता. अध्यक्षांची नजर सभागृहभर फिरत होती, घड्याळापर्यंत जाऊन येत होती. बाईंच्या बाकापाशी आली की मात्र डोळ्यांत कुसळ गेल्यासारखी मिटत होती.

पदपथावर बसून कोणतेही काम करण्यास मनाई, असा ठराव होता. उद्या सकाळी आठपासून लागू. म्हणजे बाजाररस्त्याच्या कडेची दुरुस्तीवाल्यांची सगळी रांग उठणार; कुलूपवाला, घड्याळवाला, आणखी चारपाच जण आणि बाईंचा धाकटा भाऊ. बावीस वर्षे तो त्याच जागी छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करत होता. आत्ता तो वर प्रेक्षकांच्या सज्जात बायकोशेजारी बसून बहिणीच्या त्या हाताकडे बघत होता. रांगेच्या जागी नव्या दुकानसंकुलाच्या गाड्या लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. ठरावात मात्र ‘पादचाऱ्यांच्या सोयीसाठी’ असे लिहिले होते, आणि ते वाचल्यापासून बाईंचे डोके तडकले होते.

बोलायचे असेल तर हात वर करायचा आणि अध्यक्षांनी नाव घेईपर्यंत खाली आणायचा नाही, हा सभागृहाचा नियम. बाईंनी तीस वर्षे शाळेत मुलांना हेच शिकवले होते. निवडून आल्या तरी शहराच्या लेखी त्या बाईच राहिल्या, आणि नियम पाळायची खोडही राहिली.

“चर्चा पुरे झाली, ठराव मताला टाकतो, बाजूने कोण,” अध्यक्ष एका दमात म्हणाले. चहा मागवावा तसा सूर होता.

चिटणिसांनी पेनाच्या टोकाने हात मोजले.

“सोळा.”

“विरोधात?”

बाईंनी हात खाली घेतलाच नव्हता. पेनाचे टोक त्यांच्यापाशी अडखळले आणि पुढे गेले.

“पंधरा.”

“मंजूर.”

“थांबा!” बाई ताडकन उभ्या राहिल्या. “माझा हात बोलण्यासाठी होता. पाऊण तास वर आहे. दिसत नव्हता का तुम्हाला?”

“दिसला ना, म्हणून तर मोजला,” अध्यक्ष हसले. “एका माणसाचं मत दोनदा कसं घेणार, बाई? एवढं गणित तर तुम्हीच शिकवलंत.”

सभागृहात खसखस पिकली. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

“ताई, हे काय केलंस?” वरून भाऊ ओरडला. शिपायाने खांदा दाबून त्याला खाली बसवले.

चहासाठी दहा मिनिटांची सुटी झाली. सगळे उठले; बाई बाकावरच बसून राहिल्या. चिटणीस फायली गोळा करत करत त्यांच्याजवळ आले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“कागदावर तुमचं मत बाजूनं पडलंय, बाई. ते आता मलाही खोडता येत नाही,” ते फाइलीकडे बघतच म्हणाले. “पण फेरविचाराची मागणी बाजूनं मत दिलेल्यालाच करता येते, तीही याच बैठकीत. विरोधातल्या पंधरांपैकी कुणालाच तो हक्क नाही.”

“म्हणजे त्यांना उठवायला मी मत दिलं, असं मीच लिहून द्यायचं?”

“लिहून द्यायचं. ते मोठ्यानं वाचलं जाईल. आणि नंतरही तेच म्हणायचं. हात चुकून मोजला असं कुठे बोललात, अगदी घरी जरी, तरी अर्ज खोटा ठरवून पहिला ठराव उभा करतील. टपूनच बसलेत.”

“भावाला तरी सांगू?”

चिटणिसांनी सज्जाकडे पाहिले. भाऊ रांगेतल्या चारपाच जणांना हातवारे करून काहीतरी सांगत होता.

“त्यांच्या पोटात राहील?”

भावाच्या तोंडात तीळ भिजत नसे, लहानपणापासून. त्यांनी चिटणिसांच्या हातातून कागद ओढून घेतला. लिहिताना पेन इतके रुतले की ‘बाजूने’ या शब्दापाशी कागद फाटला.

सुटी संपल्यावर चिटणिसांनी अर्ज वाचून दाखवला. “ठरावाच्या बाजूने मी मत दिले असल्याने…” इथवर आले आणि सज्जातून भावजयीचा आवाज आला, “घ्या! ही आपली माणसं.”

अध्यक्षांचे हसू मावळले. त्यांनी नियमांचे पुस्तक मागितले. चिटणिसांनी ते पान उघडूनच पुढे सरकवले.

पुन्हा मतदान झाले. “बाजूने कोण?” म्हटल्यावर बाई स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. पंधरा. विरोधात सोळा.

बाहेर जिन्यापाशी भाऊ उभा होता. दोन पावलांवर अध्यक्षांचा पुतण्या मोबाइलमध्ये डोके घालून उभा होता, पण त्याचे बोट हलत नव्हते.

“खरंच आमच्या विरोधात मत दिलंस, ताई?”

“दिलं.”

“मग फिरलीस का? मी ओरडलो म्हणून?”

बाईंनी पुतण्याच्या थांबलेल्या बोटाकडे पाहिले.

“हो.”

“बरं झालं ओरडलो,” भाऊ म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रांग रोजच्यासारखी बसली होती. बाई आल्या तशी कुलूपवाल्याने मान वळवली. भाऊ एका बॅगेची चेन उसवत होता. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्याने मान वर केली नाही.

“बोला बाई. काय शिवायचंय?”

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असे बाईंना वाटले. अध्यक्षांच्याही ठेवून द्यावी. त्यांनी खांद्यावरची पर्स काढून त्याच्यापुढे धरली.

“पट्टा बघ.”

त्याने पट्टा दोनदा ओढून पाहिला, शिलाई नखाने चाचपली.

“धड आहे,” तो म्हणाला आणि पर्स परत केली. मग त्याने त्यांच्या मागे पाहिले. “पुढे कोण आहे?”

मागे मोडकी छत्री घेऊन एक माणूस उभा होता. बाई त्याला वाट देऊन बाजूला झाल्या.