माँटेझुमाच्या दरबारात संकेश्वरी मिरची

"राजाच्या अंगाला मसाल्याचा वास येऊन कसं चालेल गं?" असं मृणालिनी म्हणाली, आणि त्याच क्षणी जानकीने ठरवलं की हिला सोडायची नाही.

म्हणाली तीही कुठे, तर मुलुंडच्या शाळेत, तालमीत, दहावीच्या सगळ्या पोरींसमोर आणि नाकाला रुमाल लावून. पोरी फिदीफिदी हसल्या. क्षमा तर हसता हसता बाकावरून घसरली. जानकी भांडुपच्या चाळीत राहायची आणि तिची आई, शेवंती, लोकांचे मसाले करून द्यायची. दिवसभर कढईत मिरच्या भाजायच्या आणि उखळात कुटायच्या. तो वास जानकीच्या पोलक्यात होता, वेणीत होता, भूमितीच्या पुस्तकातसुद्धा होता. शाळेत तिचं नावच मिरची पडलं होतं. तेवढं ती हसून सोडून द्यायची. पण हे नाटक तिचं होतं.

रत्नप्रभाबाई इतिहास शिकवायच्या. त्यांनी ग्रंथालयातलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक जानकीला घरी नेऊ दिलं होतं, आणि ते उघडल्यापासून पोरगी अ‍ॅझ्टेक लोकांच्या पार प्रेमात पडली होती. सरोवराच्या मधोमध वसवलेलं शहर काय, पाण्यात गाळ रचून केलेली शेतं काय! हिरव्या पिसांचा मुकुट घालून तिखट कोको पिणारा राजा माँटेझुमा. मग समुद्रापलीकडून दाढीवाले स्पॅनिश आले, त्यांचा म्होरक्या कोर्तेझ, आणि राजाने त्यांना पाहुणे म्हणून थेट राजवाड्यात घेतलं. तिथेच सगळ्याची वाट लागली. राजाचा भाऊ कुइतलावाक आधीपासून बजावत होता, यांना घरात घेऊ नकोस. ऐकतो कोण?

"आये, तुला माहितेय? मिरचीसुद्धा त्यांचीच. तिकडूनच जहाजातून आली आपल्याकडे," जानकीने आईला सांगितलं होतं.

शेवंती उखळावरून मान वर न करता म्हणाली, "मगे ते आमचे पावणेच म्हणायचे."

बस, त्याच रात्री जानकीने नाटक लिहायला घेतलं. लिहून झालं आणि घात झाला. बाईंना वाचून दाखवायला मृणालिनी गेली, कारण तिचा आवाज गोड, वडील वकील आणि शाळेच्या कमिटीवर. गेली ती वाचायला आणि परत आली ती लेखिका होऊन. जानकी तडक बाईंकडे गेली तर बाई म्हणाल्या, "जानकी, मैत्रिणीचा हेवा करू नये."

मग मृणालिनीने नाटकातून कुइतलावाकला कापून टाकलं. "राजा आहे ना, भाऊ कशाला?" मग राजाचं कामही स्वतःला घेतलं, ते वासाचं कारण देऊन. जानकीला उरला पुजारी. कोर्तेझ दरबारात आला की धुपाटणं घेऊन त्याला धूप दाखवायचा आणि कोपऱ्यात उभं राहायचं. शब्द एकही नाही.

आणि इकडे शेवंती अख्ख्या चाळीला सांगून मोकळी झाली होती. आमच्या चेडवाचं नाटक, तिनेच लिहिलंय, तीच राजा. शाळेची पायरी कधी न चढलेली आई कामं बाजूला ठेवून शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाटक बघायला येणार होती. तिने एकच विचारलं होतं, "तू बोलशीत मां? माका ऐकूक येयत मां?"

जानकी हो म्हणाली होती. आता काय तोंड दाखवणार होती?

त्या संध्याकाळी तिने रागारागाने पुस्तक उघडलं. एका पानावर एक बाप होता, समोर जाळ, जाळात मिरच्या, आणि त्या धुरावर त्याने आपल्या व्रात्य पोराला धरलेलं. अ‍ॅझ्टेकांच्या घरातली शिक्षा. पोराच्या डोळ्यांतून टपटप पाणी. जानकीने पुस्तक मिटलं. परत उघडलं. ती एवढी खूश झाली की आईने विचारलं, काय गो, चित्रात लाडू आसत काय?

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव होता. रंगमंचाला तीन बाजूंनी जाड पडदे. काथ्याच्या दाढ्या लावलेले स्पॅनिश आत खाजवत बसले होते. मृणालिनीच्या डोक्यावर मोरपिसांचा आणि बेगडाचा मुकुट झकास दिसत होता, हे जानकीलाही कबूल करावं लागलं. तिच्या स्वतःच्या अंगावर काळी घोंगडी. घोंगडीखाली, कनवटीला, मूठभर संकेश्वरी मिरच्या.

"धूर जास्त करू नकोस हं मिरची," मृणालिनी कुजबुजली. "माझा आवाज बसेल."

"छे गं," जानकी म्हणाली.

पडदा वर गेला. पहिल्या रांगेत वकीलसाहेब, मागे कुठेतरी खांबाला टेकून शेवंती. कोर्तेझ झालेली क्षमा ऐटीत आत आली. माँटेझुमा सिंहासनावरून उठला आणि जानकीचीच वाक्यं गोड आवाजात म्हणू लागला, "या पाहुणेहो, हे घर तुमचंच आहे." जानकी धुपाटणं घेऊन पुढे झाली. घोंगडीआडून हात गेला आणि मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या.

आधी काहीच नाही. मग क्षमा शिंकली. दाढी उडाली. शिपाई खोकू लागले, एकाने भाला टाकला आणि दुसरा त्याला अडखळून पडला. तीन बाजूंच्या पडद्यांत धूर कोंडला होता. माँटेझुमाने "हे घर" एवढं परत म्हणून पाहिलं, मग त्याला असा ठसका लागला की मुकुट सटकून खाली, आणि राजा विंगेत पसार. पाठोपाठ सगळे स्पॅनिश. पहिल्या रांगेत वकीलसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. अगदी लेकीसारखा.

रंगमंचावर उरली एकटी जानकी. तिला ठसका नाही, डोळ्यांना पाणी नाही. लहानपणापासून याच धुरात ती पाढे शिकली होती. याच धुरात तिची दृष्ट काढली होती. आई मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि बघायची, ठसका लागला तर ठीक, नाही लागला तर पोरीला नजर लागलेली. ज्या वासाला या सगळ्या नाक मुरडत होत्या, त्यात आज तिच्याशिवाय कुणाला उभं राहता येईना.

तिने मुकुट उचलला, घोंगडी टाकली आणि मुकुट डोक्यावर चढवला.

"दादा पळाला," ती म्हणाली. "बरं झालं. मी त्याला सांगत होतो, या दाढीवाल्यांना उंबरा ओलांडू देऊ नकोस."

"मोठ्यान बोल गो," मागून खणखणीत आवाज आला. शेवंतीलाही ठसका नव्हता.

जानकी मोठ्याने बोलली. "मी कुइतलावाक. माझं नाव कापलं होतं, पण मी आहे. सोनं हवंय ना तुम्हाला? उचला. जेवढं उचलाल तेवढे या सरोवरात खोल बुडाल."

लोकांना वाटलं, नाटकच आहे. डोळे पुसत, खोकत का होईना, टाळ्या पडल्या आणि पडत राहिल्या.

विंगेमागे बादलीपाशी मृणालिनी दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. चोळलं की जळजळ वाढते हे जानकीला पाठ होतं. ती शेजारी उभी राहिली.

"नाटक कुणी लिहिलं गं?"

"बघून घेईन तुला."

"बघायला डोळे लागतील. कुणी लिहिलं?"

मृणालिनीने आणखी चोळलं. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "तू. तू लिहिलंस. झालं समाधान?"

"झालं. आता चोळू नकोस. नुसतं पाणी मार."

मागे रत्नप्रभाबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नाटकाचं मी उद्या सगळ्यांसमोर सांगेन," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे. पण मिरच्यांबद्दल तू सोमवारी वर्गात मृणालिनीची माफी मागायची. समजलं?"

"हो, बाई."

घरी जाताना शेवंती शाळेच्या फाटकाबाहेर थांबली. तिने लेकीचा हात नाकाशी नेला.

"ब्याडगी घेतलंस की संकेश्वरी?"

"संकेश्वरी."

"बरा केलंस. ब्याडगीक रंग आसा, दम नाय." मग तिने जानकीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "सगळ्यांक ठसको इलो. तुका नाय इलो. म्हणजे नजर तुकाच लागली, चेडवा. उरल्यात काय?"

कनवटीला दोन उरल्या होत्या. जानकीने एक काढून दिली. शेवंतीने ती तिथेच रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, लेकीवरून ओवाळली आणि घरी चुलीत टाकायला पदराला बांधली.

दुसरी जानकीने काढली नाही. सोमवारी माफी मागायची होती.