चढणारे पाय, धरणारे हात

मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं, मित्रांनो. माझ्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, एका दांड्याला लोखंडी पट्टी ठोकलेली आहे आणि अंगावर इतक्या रंगांचे थेंब वाळले आहेत की माझं मूळ लाकूड कसं दिसायचं हे आता माझं मलाही आठवत नाही. पण आजही कुणी मला उचलून भिंतीला टेकवलं की माझ्या अंगात उत्साह संचारतो. आज वर कोण येणार, खाली कोण उभं राहणार? तुम्हाला माझी सगळ्यात भारी गोष्ट सांगायची म्हणून मी केव्हाची उतावीळ झाले आहे. पण आधी थोडं जन्माचं सांगते, नाहीतर मजा कळायची नाही.

मला घडवणाऱ्या सुताराचा एक खाक्या होता. शिडी तयार झाली की तो तिच्या प्रत्येक पायरीवर चढून स्वतः उड्या मारायचा. पायरी कुरकुरली तर शिडी परत रंध्याखाली. मी एकदाही कुरकुरले नाही, त्यामुळे त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला दुकानाच्या दारात उभं केलं. तिथे पाट्या रंगवणारे एक पेंटर आले. सोबत त्यांची बायको होती. पेंटरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण विकत घेण्याआधी बायकोला म्हणाले, "धरून बघ गं." तिने माझे दोन्ही दांडे हातात घेतले आणि म्हणाली, "हाताला बरी लागतेय." तेवढ्यावर मी त्यांच्या घरी आले.

त्या घराचा एक नियम होता. वर चढायचं ते बाप्या माणसाने आणि खाली शिडी धरायची ती बाईने. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण जेवणाआधी हात धुवावेत इतक्या सहज तो पाळला जायचा. म्हातारे पेंटर थकल्यावर त्यांचा मुलगा पेंटर झाला आणि म्हातारीच्या जागी त्याची बायको माझे दांडे धरू लागली. या दोघांना मुलगा झाला तेव्हा त्या तान्ह्या बाळाचा पाय माझ्या पहिल्या पायरीला टेकवला होता. "हा चढणार," म्हातारे पेंटर म्हणाले होते. दोन वर्षांनी मुलगी झाली. तिची इवलीशी मूठ माझ्या दांड्याभोवती वळवली आणि ते म्हणाले, "ही धरणार." सगळे हसले, पेढा तोंडात घातल्यासारखे खूश झाले. बाळांना कुणी काही विचारलं नाही. कसं विचारणार म्हणा.

मित्रांनो, पाटी कशी रंगवतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? आधी सुतळीला खडू फासायचा, ती भिंतीवर ताणून धरायची आणि टचकन उडवायची. सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसवायची. आता सुतळी सरळ ताणली आहे की तिरपी, हे वरच्या माणसाला कळत नाही. त्याचं नाक भिंतीला लागलेलं असतं. बाकीचे पेंटर त्यासाठी पाणसळ लावून बघतात. आमच्या घरात ती कधी आलीच नाही. खाली उभ्या असलेल्या बाईचा डोळा हीच आमची पाणसळ. "जरा वर घ्या. आता बास. तो 'ळ' खाली बसतोय बघा, उचला त्याला." असं ती दिवसभर सांगत राहायची. काम संपलं की रस्त्यावरचे लोक मान वर करून पेंटरची वाहवा करायचे. पेंटरही खुशीत घरी यायचा आणि शेजाऱ्याने विचारलं की सांगायचा, "मी रंगवलं. ही होती शिडी धरायला." बायको तेव्हा रॉकेलच्या बोळ्याने माझ्यावरचा ओला रंग पुसत बसायची.

मुलं मोठी झाली. मुलाला सगळे दादा म्हणायचे आणि मुलीला भिंगरी, कारण ती एका जागी ठरत नसे. आणि इथे माझी पंचाईत सुरू झाली. मला माणसं पायांवरून आणि हातांवरून कळतात. दादा माझ्यावर चढला की चौथ्या पायरीपासून त्याचे गुडघे थरथरायला लागायचे. तळवे घामाने ओले. तो उंचीला भीत होता, चांगलाच भीत होता. भिंगरी खाली माझे दांडे धरायची, पण तिचा एक पाय आपोआप पहिल्या पायरीवर यायचा, मग दुसरा. "धरायला सांगितलंय ना?" पेंटर वरून दटावायचा. मग ती नाइलाजाने खाली उतरायची.

दादाने न चढण्याचे किती बहाणे शोधले होते, काय सांगू! कधी डोकं दुखायचं, कधी अभ्यास आठवायचा. रंग मात्र तो असा कालवायचा की पेंटरनेही बघत राहावं. बापाला वाटायचं, पोरगा जरा आळशी आहे, होईल तयार. आळशी म्हटलेलं दादाला चालत होतं. भित्रा म्हटलेलं चाललं नसतं.

आणि भिंगरी? पेंटर कामाला गेला आणि मी घरी असले की दुपारी ती मला मागच्या अंगणातल्या भिंतीला टेकवायची. मग ती खडू घेऊन वर आणि दादा खाली, माझे दांडे घट्ट धरून. तिचे पाय माझ्यावरून असे चढायचे की मला गुदगुल्या व्हायच्या. ती भिंतभर अक्षरं काढायची आणि खालून दादा सांगायचा, "तुझा 'प' पोट पुढे काढून उभाय. आत घे त्याला." त्याची नजर बरोबर आईवर गेली होती. संध्याकाळी बाप यायच्या आत दोघं ओल्या फडक्याने भिंत पुसून टाकायचे. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघायची आणि कानाडोळा करायची. त्या दुपारी म्हणजे माझ्या आयुष्यातली चैन होती, मित्रांनो.

मग तो दिवस आला. मुलांच्याच शाळेच्या दर्शनी भिंतीवर शाळेचं नाव रंगवायचं होतं, पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांच्याही वर. सुट्टी संपून दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती, म्हणजे काम त्याच दिवशी व्हायला हवं. आणि पेंटरचा पाय मुरगळलेला! इतकी वर्षं माझ्यावरून तो कधी घसरला नाही आणि चक्क सपाट रस्त्यावर, पानाच्या दुकानासमोर, पडला. घोट्याला हे एवढं बँडेज. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दादा चढेल. पेंटरचा मुलगा आहे तो."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मैदानात खेळायला आलेली शाळेतली पोरं भोवती जमली होती. त्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? आई आणि भिंगरीने माझे दांडे धरले आणि दादा चढू लागला. चौथी पायरी आली, गुडघे थरथरले. तो तसाच चढत राहिला. मी जीव मुठीत धरून उभी होते. जवळजवळ वर पोचल्यावर त्याने चुकून खाली पाहिलं आणि माझ्या दोन्ही दांड्यांना मिठीच मारली. त्याच्या छातीचे ठोके माझ्या लाकडात ऐकू येत होते. ब्रश हातातून सुटून खाली पडला. पोरं हसली.

"अरे वर बघ, वर," पेंटर ओरडला. "असा काय बायकांसारखा घाबरतोस?"

आईने माझ्यावरची पकड जराही ढिली केली नाही. मान वळवून शांतपणे म्हणाली, "बायका घाबरतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कधी पाठवलंय आम्हाला वर?"

तेवढ्यात वरून दादाचा आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बाबा, मला भीती वाटते. आज नाही, लहानपणापासून वाटते. मी खोटं खोटं डोकं दुखतंय म्हणायचो."

मित्रांनो, मला शाबासकी देता येत असती तर मी त्या पोराच्या पाठीवर तिथल्या तिथे थाप मारली असती. इतकं मोठं ओझं माझ्यावर उभं राहून आजवर कुणी उतरवलं नव्हतं.

भिंगरीने वाट पाहिली नाही. ब्रश उचलून वेणीत खोचला आणि ती सरसर वर आली, थेट भावाच्या मागे. दोन्ही बाजूंनी हात टाकून तिने त्याला स्वतःच्या आणि माझ्या मध्ये घेतलं. "दादा, मी मागे आहे. डावा पाय खाली घे. हां. आता उजवा." अशी एकेक पायरी करत ती त्याला उतरवत होती. मी श्वास रोखून दोघांचं वजन पेललं. दादाचे पाय जमिनीला लागले तेव्हा पोरांचं हसू थांबलं होतं. त्याने डोळे पुसले आणि पहिलं काम काय केलं असेल? माझे दांडे धरले.

भिंगरी मात्र तोवर पुन्हा चढायला लागली होती. तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिने विचारलं, "बाबा, मी रंगवू?"

मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "काम आज होणार ना?" पेंटरने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बँडेजकडे. "होईल," तो म्हणाला. कोण करणार ते बोलला नाही. पण भिंगरीला तेवढं पुरलं. काय चढली म्हणता! मी इतकी आनंदले की मला वाटलं, आपण भिंतीवरून घसरतोय की काय.

आता खरी गंमत ऐका. सांगायला खाली कोण? पेंटरला वाटलं, हे काम आपलंच. त्याने बायकोला आणि मुलाला गप्प बसवलं आणि खुर्चीवरून हुकूम सोडायला लागला. "सुतळीचं ते टोक वर घे. अजून वर." पण आयुष्यभर तो वरच होता. खालून कसं बघायचं, कुठे उभं राहून बघायचं, हे त्याला कुठे माहीत? ऊन लागतं म्हणून खुर्ची त्याने एका कडेला, झाडाच्या सावलीत मांडली होती. तिथून त्याला जे सरळ दिसत होतं ते सरळ नव्हतं. सुतळी उडली, भिंगरीने पहिली तीन अक्षरं रंगवली आणि शाळेचं नाव डोंगर चढायला लागलं.

दादा म्हणाला, "बाबा, ओळ चढावर चाललीय."

"मला शिकवू नकोस," पेंटर म्हणाला. आईने आधी भिंगरीला खाली उतरायला लावलं. मग पेंटरला सरळ खुर्चीसकट उचलायला दादाला बोलावलं आणि दोघांनी मिळून ती खुर्ची भर उन्हात, भिंतीच्या बरोबर समोर आणून ठेवली. पेंटरने वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, तू रोज इथे उन्हात उभी असायचीस?" त्याने विचारलं. "मग काय सावलीत?" आई म्हणाली.

भिंगरीने पुन्हा वर चढून रॉकेलच्या बोळ्याने ती अक्षरं पुसली. या वेळी आईने दांडे धरले आणि सांगायला दादा उभा राहिला. "डावं टोक बोटभर खाली. बास. उडव." रेघ अशी आली की मांजरानेही तिच्यावरून चालत जावं. मग अक्षरांमागून अक्षरं. तो खालून सांगत होता, ती वरून रंगवत होती आणि दोघांनाही घरच्या अंगणात असल्यासारखं वाटत होतं, फक्त भिंत पुसायची घाई नव्हती. हसणारी पोरं आता एकेक अक्षर पुरं झालं की टाळ्या पिटत होती. उन्हं उतरताना शेवटचा काना ओढला गेला. "'ळ' माझ्यापेक्षा चांगला आलाय," पेंटर शेवटी म्हणाला. भिंगरीने हे दोनदा म्हणायला लावलं.

सगळे सामान आवरायला लागले तेव्हा आई म्हणाली, "थांबा. मला एकदा वरून बघायचंय."

कुणी हसलं नाही. तिने पदर खोचला. पेंटर खुर्चीवरून उठला, एका पायावर लंगडत आला आणि म्हणाला, "मी धरतो." आणि मित्रांनो, त्याने काय धरलं असेल? पायरी! दांडे सोडून पायरी धरली. इतकी वर्षं माझ्या अंगाखांद्यावर वावरलेला माणूस, पण शिडी कशी धरतात हे त्याला माहीत नव्हतं. आईचा पाय बरोबर त्याच्या बोटांवर पडला. "अहो, बोटं काढा," ती म्हणाली. "दांडे धरायचे असतात. आणि वजन पुढे टाका, मागे नाही." त्याने मुकाट्याने दांडे धरले. पहिल्यांदा त्याचे हात मला इतके घाबरलेले वाटले, कारण वर दुसरंच कुणीतरी होतं.

ती सावकाश चढली. ते पाय मला अनोळखी होते, इतक्या वर्षांनंतरही. वर पोचून ती भिंतीशी नाक नेऊन पाहत राहिली.

"अहो," ती वरून म्हणाली, "इथून तर अक्षर दिसतच नाही. नुसता रंग दिसतो. तुम्ही इतकी वर्षं माझ्या भरवशावर रंगवत होता की काय?"

पेंटर माझे दांडे घट्ट धरून उभा होता. मुलं ऐकत होती, मुख्याध्यापिका बाई ऐकत होत्या. "हो," तो म्हणाला. "तुझ्याच भरवशावर."

मित्रांनो, आता घरात ॲल्युमिनियमची हलकी शिडी आली आहे आणि मी बरेचदा भिंतीकडेला आडवी पडलेली असते. तक्रार नाही माझी. पण तुमच्या घरी शिडी असेल तर तिला ओल लागू देऊ नका, चढण्याआधी तिचे दांडे हलवून बघा. आणि रोज जो चढतो त्याला एखाद्या दिवशी धरायला लावा, रोज जी धरते तिला चढू द्या. भीती वाटणाऱ्याला भीती वाटते असं म्हणू द्या. माझ्यावर आजवर किती पाय पडले, पण तो पाय बाईचा की बाप्याचा हे मी कधी विचारलं नाही. शिडीला फक्त वजन कळतं, आणि ते ती पेलते.