ओळखीचा दवाखाना

योगितानं नोकरी कुठं धरावी, हे डिंडोलीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. विचारायचं राहून गेलं होतं ते फक्त योगिताला. खानदेशातून गुजराती मुलखात येऊन कापडाच्या लूमवर जन्म काढलेल्या सुपडूबापूंची पोरगी नर्स झाली, ही गल्लीच्या मालकीचीच गोष्ट झाली होती. जो तो उंबऱ्यावर टेकायचा, चहा प्यायचा आणि सल्ला देऊन जायचा. चहा करून करून योगिताच्या वहिनीचे, म्हणजे उज्ज्वलाचे हात दुखून यायचे.

दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक सरकारी मोठा दवाखाना, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात. दुसरं रिंग रोडवरचं बायकांचं नर्सिंग होम, काचेच्या दाराचं. पगार तिथे थोडा जास्त, पण नोकरी डॉक्टरांच्या मर्जीवर.

योगिताचा ओढा सिव्हिलकडे. ती शाळेत असताना, प्लेगच्या साली, निम्मी डिंडोली मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली, तेव्हा शेजारच्या कुसुमकाकू तापानं फणफणून सिव्हिलमध्ये पडल्या होत्या. त्यांचा सख्खा दीर फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परतला. पण तोंडाला फडकं बांधलेली एक सिस्टर काकूंना चमच्यानं पाणी पाजत बसली होती. योगितानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि नर्स व्हायचं त्याच दिवशी मनात धरलं.

आई उषाबाई मात्र काचेच्या दारावर अडून बसली होती. "तठे फरशी आरसासारखी शे," ती म्हणायची. "सरकारीमा काय शे? खाटखाले बी पेशंट!" बापूंना लूमच्या खडखडाटानं ऐकू कमी यायचं, आणि घरात वाद सुरू झाला की अजिबातच यायचं नाही. भाऊ गजेंद्र कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून येऊन "माय म्हनस ते बरोबर शे" एवढं बोलून ताटावर बसायचा. ज्या बाईनं उभ्या जन्मात ओटा कधी शेणानं, कधी सिमेंटनं स्वतःच्या हातानं सारवला, तिला आरशासारख्या फरशीचा एवढा पुळका का यावा, हे कोडं योगिताला सुटेना. म्हातारी ताकाला जाऊन भांडं लपवत होती.

शेवटी आईच्या समाधानासाठी योगिता ते नर्सिंग होम बघायला गेली. दारावर गुजरातीत ठळक पाटी होती: इथे गर्भाची मुलगा-मुलगी तपासणी होत नाही. कायदा झाल्यापासून अशी पाटी लावावी लागत होती, आणि लावली की काम भागत होतं.

तिथल्या मोठ्या सिस्टर प्रमिलाबेन लाघवी होत्या. त्यांनी तिला सगळीकडे फिरवलं. "अजाण्या माणसाला आपण आत घेतच नाही," त्या समजावू लागल्या. "स्टाफच्या ओळखीचे, नात्यातले, तेवढेच. साहेब मशीन लावून बघतात. मुलगा असला तर बाई समोरच्या दारानं घरी जाते. नसला तर वरच्या मजल्यावर." वर जाणारा जिना अरुंद होता आणि नुकताच फिनेलनं पुसलेला होता. "आत नातलग चालत नाहीत. ते काम तुझं. बाई रडे तो हाथ पकडवानो. बस, एटलुं ज काम."

उद्या सांगते म्हणून योगिता बाहेर पडली आणि रिक्षा न करता उधना दरवाज्यापर्यंत चालतच गेली.

घरी येऊन पाहते तर उज्ज्वला मोरीपाशी बसून उलट्या काढत होती. पाठीवर हात फिरवायला धाकटी लेक, लुगडं धरून उभी थोरली लेक. मग योगिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कितवा महिना, आई?"

उषाबाईनं सुपातल्या तांदळातून डोळे काढले नाहीत. "तिसरा सरी ऱ्हायना. आते तूच सांग, वळख नही ते तठे दारमा बी उभं करतस नही. घरनी पोर तठे ऱ्हायनी, मंग आपले कोन नही म्हनी?"

म्हणजे पोरीची नोकरी हवी होती ती यासाठी! योगिताला रागानं रडू फुटलं. रागावून तरी कुणावर? उषाबाईलाही आधी तीन मुलीच झाल्या होत्या, एकही जगली नाही, आणि गजेंद्र होईपर्यंत सासूनं तिला लग्नकार्यात पुढे येऊ दिलं नव्हतं. जे सोसलं त्यातून ती एवढंच शिकली होती. माणूस सोसून शहाणं होतं म्हणतात. नेहमी होतं असं नाही.

संध्याकाळी उज्ज्वला गच्चीवर कपडे काढायला गेली, तशी योगिताही मागोमाग गेली. दोघी जवळजवळ एका वयाच्या. उज्ज्वला नवी नवरी होऊन आली तेव्हा घरचे नसताना दोघी एका ताटात जेवायच्या. तिच्या लग्नाच्या शालूत योगितानं कॉलेजचा फोटो काढून घेतला होता.

"वहिनी, तुझ्या मनात काय आहे?"

उज्ज्वलानं चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मनात काय आहे असं त्या घरात तिला कुणी विचारलं नव्हतं. उत्तराची सवयच नव्हती. मग तिनं वेगळंच विचारलं.

"योगिता, तठे बाईसंगे कोनले आत जाऊ देतस का? का एकलीलेच जानं पडस?"

"तुले तठे जानंच नही," योगिता घरच्या बोलीत म्हणाली. "मी शे ना."

उज्ज्वला हसली. ते हसू योगितानं आपल्याला हवं तसं वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती सिव्हिलमध्ये रुजू झाली. घरात सांगितलं तेव्हा उषाबाई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं टाकलं. योगितानं ते सुखानं सोसलं. एका खाटेवर दोघी पेशंट, पाय ठेवायला जागा नाही, रात्री पाय सुजून यायचे. तरी ती मनातून हलकी होती. ओळखच नाही तर नेणार कुठं, असा तिचा सरळ हिशेब. आपण नाही म्हटलं आणि एक जीव वाचवला, असं तिला खरोखर वाटत होतं. उज्ज्वलाच्या पोटाकडे पाहून ती मनातल्या मनात बाळासाठी नावंसुद्धा शोधू लागली होती.

पण ज्याला ओळख काढायचीच आहे, त्याला ती कुठेही सापडते. गजेंद्रच्या मिलमधल्या कुणाची मेव्हणी शहराबाहेर कामरेजला एका डॉक्टरकडे झाडझूड करायची. योगिता ड्युटीवर असताना सासू-सुना नवस फेडायला म्हणून निघाल्या. संध्याकाळी उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "बसमा तिले लागनं," एवढंच उषाबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी लेकीशी बोललेलं ते पहिलं वाक्य. योगिता त्या बोलण्यानंच सुखावली, वहिनीच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दमलेली होती म्हणून झोपी गेली. ताप पाहिला नाही. नर्स होती, तरी पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी स्ट्रेचर तिच्याच वॉर्डात आलं. चादर भिजलेली होती. मागून अनवाणी उषाबाई धावत होती. योगितानं आधी नाडी धरली, मग चेहऱ्याकडे पाहिलं.

पुढचं सारं तिनं शिकवल्याप्रमाणे केलं. सलाईन लावलं, रक्ताची बाटली आणली, डॉक्टरांच्या हातात हवं ते दिलं. हात जराही कापला नाही. कापायला हवा होता, असं तिला नंतर फार वाटलं. जीव वाचला. पिशवी काढावी लागली.

बाहेर बाकावर उषाबाई पदर तोंडात कोंबून बसली होती. "पिशवी ते ऱ्हायनी ना?" तिनं विचारलं.

"नही ऱ्हायनी, आई."

उषाबाईनं कपाळ बाकाच्या दांडीला टेकवलं. तिच्याजवळ बसावं असं योगिताला वाटलं, पण बसवेना.

दोन दिवसांनी उज्ज्वला डोळे नीट उघडून बघू लागली. योगिता केस विंचरायला फणी घेऊन खाटेवर बसली आणि विंचरायच्या ऐवजी रडू लागली. "मी मुद्दामच त्या दवाखान्यात नोकरीला लागले नाही, वहिनी. तुझ्यासाठीच नाही म्हटलं होतं."

"माले माहीत शे." उज्ज्वलाचा आवाज अगदी साधा होता, मीठ किती घालू विचारावं तसा. "पन मी ते जानारच व्हतू, योगिता. आठे नही ते तठे. माले कोन ऱ्हाऊ देता?" मग ती कामरेजचं सांगू लागली. "तठे एक खोली व्हती. तठनी बाई मना पाय धरी ऱ्हायंती, आनि तोंडवर हात ठेयेल. मी तुनं नाव ली ऱ्हायंतू. तू तठे ऱ्हाती, ते मना हात तरी धरती."

गच्चीवरचा तो प्रश्न योगिताला आत्ता कळला. नेऊ नका, असं वहिनीनं म्हटलंच नव्हतं. न नेण्याची आशा तिला कधी नव्हतीच. आत आपल्याबरोबर कुणी असेल का, एवढंच तिनं विचारलं होतं.

योगितानं फणी खाली ठेवली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. हात गार होता, सुईनं निळा पडलेला. शेजारच्या खाटेवरची बाई केव्हापासून "सिस्टर, पानी" म्हणत होती.

उज्ज्वलानं हळूच आपला हात सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला.

"आते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिले पानी दे."