चिखलाच्या पायांची छपरी

आसगावच्या मारोतरावांकडे आठ दिवस एकच खल चालला होता. घरापुढच्या नव्या छपरीला, म्हणजे पडवीला, दगड कोणता बसवायचा? पवनीच्या तेजराम फरशीवाल्याने काळ्या ग्रॅनाइटचे दोन नमुने दाखवले होते. एक तोंड दिसेल इतका चकचकीत, दुसरा आगीने भाजून खरखरीत केलेला. मारोतराव आणि त्यांचा मुलगा अमर यांनी चकचकीत पक्का केला. मारोतरावांच्या बायकोला, गिरजाबाईंना, कोण विचारतो! त्या फक्त घर झाडायच्या धनी.

पायरीपाशी चार फरश्या बसल्याही. त्याच दिवशी रोवणा, म्हणजे भाताची लावणी, संपला. रोवणाऱ्या बायांना त्या दिवशी छपरीत बसवून जेवू घालायची या घराची रीत होती. तीस वर्षं या घराच्याच भाताच्या बांध्यांत वाकलेली शकुनबाई सगळ्यांच्या पुढे आली.

"मावशी, तिकडंच बसा ना जी. फर्शी खराब होईल," अमर गोडीनं म्हणाला.

"हो बाबू, आमचे पाय चिखलाचे," शकुनबाई हसली आणि आंगणात बसली. तिच्यामागे बाकीच्याही बसल्या. वरून झिमझिम सुरूच होती.

भाताचं पातेलं घेऊन गिरजाबाई बाहेर आल्या आणि थबकल्या. शकुनबाईच्या ताटातल्या वरणात पाणी पडत होतं! त्यांनी सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि चिखलात शकुनबाईशेजारी बसकण मारली.

"हे काय करून राहिली तू?" मारोतराव ओरडले.

"जेवून राहिली."

"लोक पाहून राहिले ना!"

"पाहू द्या! तुमच्या आजानं जात पाहून या बायांच्या आज्यांले आंगणात बसवलं. तुमच्या बाबानं गावाचं बोलणं खाल्लं, पण छपरीत पंगत मांडली. आता आपण फर्शी पाहून बाहेर बसवाचं काय? त्यापरीस तो खरखरीत दगडच बरा!"

 बाबांना त्या पंगतीपायी सोयऱ्यांनी वर्षभर वाळीत टाकलं होतं, हे मारोतरावांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"पण माय, खरखरीत दगडात चिखल बसते. कोण घासन?" अमर पुटपुटला.

"मी घासीन. खराटा हाय घरात. अन् तुलेही हात हायेत."

मारोतरावांनी फोन काढला. "तेजराम, चकचकीत माल नको पाठवू. भाजलेला पाठव. अन् बसवलेल्या चार फरश्या काढून ने." मग ते उतरले, शकुनबाईसमोर हात जोडले. "चुकलं, बाई. चला, वर बसा."

पुढच्या वर्षी रोवणा संपला, तेव्हा शकुनबाई सवयीने पायरीशी थांबली. अमरनेच तिचा हात धरून तिला वर घेतलं. खरखरीत काळ्या दगडावर तिची चिखलाची पावलं उमटत गेली.

मंडळी, घराला दगड निवडताना आपण चकाकी पाहतो, टिकाऊपणा पाहतो. पण हा दगड कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवणार आहे, हे कोणी पाहतं का? ते आधी पाहा. ज्यांच्या चिखलाच्या पायांनी आपल्या ताटात भात येतो, त्यांना जिथे संकोचावं लागतं, ते घर कितीही चमकलं तरी कमीच!